जिभेसाठी राखलेले दात

मालिनी पाध्येच्या घरी आंबापोळीचा रस गॅसवरून उतरायचा तो तिच्या जिभेच्या हुकमाने. शिरगावच्या वाटेवर त्यांचं घर, मागे कलमांची बाग आणि बागेच्या कडेला पत्र्याची एक शेड. त्या शेडला घरातले सगळे कारखाना म्हणायचे. कारखान्यात मोठाल्या कढया, तूप पुसलेली स्टीलची ताटं आणि एप्रिलपासून जूनच्या तोंडापर्यंत माशा हाकलणाऱ्या बायका.

हापूसच्या पोळीला जिभेचं काम फारसं नसतं. हापूस सगळा एका चवीचा. पण मालिनीची पोळी रायवळाची, आणि रायवळ म्हणजे झाडागणिक वेगळा स्वभाव. एका पाटीतला आंबा नुसता मध, दुसऱ्या पाटीतला दात आंबवणारा, तिसऱ्याला राळेचा वास. त्यामुळे साखर किती घालायची ते कुठे लिहून ठेवता येत नाही. मालिनी पळीवरचा थेंब तळहातावर घ्यायची, तळहातावरून जिभेवर, आणि जीभ टाळूला दाबून डोळे मिटायची. बायका ढवळायच्या थांबायच्या. मग ती एक बोट दाखवायची, नाहीतर दोन, नाहीतर नुसतं “हं” म्हणायची. एक बोट म्हणजे ओंजळभर साखर. “हं” म्हणजे उतरवा.

भास्कर, तिचा नवरा, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेला. तो गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचा, पुडे बांधायचा, आणि कढईपासून चार हात लांब राहायचा. त्याला चवीतलं काही कळत नाही असं लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात ठरलं होतं आणि ते कधी कुणी पुन्हा तपासून पाहिलं नव्हतं.

दातांचं दुखणं जुनं होतं. ब्रश फिरवला की बेसिनात गुलाबी पाणी यायचं. मग मालिनीने ब्रश सोडला आणि मीठ-हळद बोटाने चोळायला लागली. रक्त कमी दिसायला लागलं, म्हणजे दुखणं बरं झालं असं तिने धरून टाकलं. पण हिरड्या सुजलेल्याच राहिल्या. तोंडाला वास यायचा, तो झाकायला ती बडीशेप चघळायची.

मुलगी अपूर्वा पुण्याला बँकेत. एकदा सुटीला आली असताना तिने आईला जवळजवळ ओढतच मारुती मंदिरापाशी डॉक्टर स्वरूपकडे नेलं. स्वरूप तिच्या वर्गातला. लहानपणी त्याने याच कारखान्यात ताटाच्या कडेची वाळलेली पोळी सोलून खाल्ली होती आणि मालिनीच्या हातचा धपाटाही. त्याने तोंडात आरसा घालून बराच वेळ पाहिलं.

“काकू, हिरड्या हाडापासून सुटल्यात. मागच्या दाढा काढाव्या लागतील, बाकीचं साफ करू. तरी आज ना उद्या सगळे जाणार. मग कवळी.”

“कवळी टाळूवर बसते ना रे?”

“वरची बसते.”

“आणि चव?”

स्वरूपला खोटं बोलायची सवय नव्हती. “सुरुवातीला फरक पडतो. बऱ्याच जणांची परत येते.”

“बऱ्याच जणांची,” मालिनी म्हणाली आणि खुर्चीवरून उतरून पदर सारखा केला. “अरे, दात काय, चावायला. ते हलले तर हलू देत. माझी जीभ हलली तर कारखाना हलेल.”

हे तिचं एकटीचं म्हणणं नव्हतं. पावसला भास्करची चुलतकाकू होती, इंदूकाकू. तिच्या लोणच्यासाठी लोक वाट वाकडी करून जायचे. तिला कवळी लागली आणि त्याच वर्षी लोणच्याची एक बरणी खारट झाली, मग दुसरी. दोन वर्षांत गिऱ्हाईक गेलं. काकू तेव्हा ऐंशीच्या घरात होती आणि रक्तदाबाच्या गोळ्यांनी तिचं तोंड कायम कोरडं असायचं, पण ते कुणी लक्षात घेतलं नाही. काकूची जीभ कवळीखाली मेली, असं सगळी भावकी म्हणायची. मालिनीच्या घरातही तेच मानलं गेलं. अपूर्वा सोडून कुणी तिला पुन्हा स्वरूपकडे जा म्हटलं नाही. भास्करने तर उलट लवंगेचं तेल आणून ठेवलं.

त्याच सुमाराला केव्हातरी तिच्या पोटाची सोनोग्राफी झाली होती आणि लिव्हरला चरबी आहे असं निघालं होतं. डॉक्टर म्हणाले, चाला, गोड कमी करा, वजन उतरवा. मधुमेह नुकताच दारात येऊन उभा होता. मालिनी म्हणाली, “मी गोड खाते कुठे? मी चाखते.” भास्कर म्हणाला की चरबी हल्ली सगळ्यांनाच असते, त्यांच्या ऑफिसातल्या अर्ध्या लोकांना होती. आणि रिपोर्ट कपाटात गेला.

त्यानंतर बरेच उन्हाळे गेले. मग एका फाल्गुनात पाय सुजायला लागले. पोट वाढलं. सखू, कारखान्यातली सगळ्यात जुनी बाई, कौतुकाने म्हणाली, “वैनी, अंगान् सुधारलाव.” अंग कुठे सुधारलं होतं. पोट तेवढं वर आलं होतं आणि दंड काठीसारखे झाले होते. बांगड्या कोपरापर्यंत सरकत.

मे महिन्यात अपूर्वा आली ती आईला पाहून दारातच थबकली. कोल्हापूरहून आठवड्यातून एकदा पोटाचे डॉक्टर यायचे. तिघं त्यांच्याकडे गेली. त्यांनी पोट टिचकीने वाजवून पाहिलं, डोळ्यांच्या पापण्या ओढल्या, रक्त काढायला सांगितलं, आणि दुसऱ्या खेपेला कागद समोर ठेवून म्हणाले, “सिरोसिस.”

भास्कर खुर्चीत पुढे सरकला. “पण डॉक्टर, आमच्याकडे कुणी घेत नाही. ही तर खोकल्याचं औषधसुद्धा बाटली वाचून घेते.”

“दारूशिवायही होतो. आधी चरबी, चरबीतून सूज, सूज वर्षानुवर्षं राहिली की लिव्हर आतून कडक होत जातं. सगळ्यांचं एवढं पुढे जात नाही. काहींचं का जातं हे आम्हालाही पूर्ण कळलेलं नाही.” मग त्यांनी टॉर्च हातात घेतला. “तोंड उघडा बघू.”

मालिनीने उघडलं. डॉक्टरांनी पाहिलं आणि टॉर्च बंद केला, तरी ते थोडा वेळ तसेच वाकलेले राहिले.

“हे किती वर्षांचं?”

“असेल दहा-बारा,” मालिनी म्हणाली. “पण मी पोटासाठी आलेय.”

“पोटासाठीच विचारतोय. आपण दिवसभर लाळ गिळतो, त्या लाळेबरोबर हिरड्यांतले जंतू पोटात उतरतात. बरेचसे तिथल्या आम्लाने मरतात. तुम्ही ॲसिडिटीची गोळी रोज घेता?”

“आंबट चाखावं लागतं ना. कित्येक वर्षं घेते.”

“मग आम्ल कमी. जास्त जंतू जिवंत राहून खाली आतड्यात जाऊ शकतात. आतड्याचं अस्तर त्यांनी सैल पडतं असं दिसतंय, आणि आतड्यातलं रक्त आधी लिव्हरकडे जातं. आधीच सुजलेल्या लिव्हरला रोजचा हा मारा. म्हणजे असा अंदाज आहे. हे अजून पक्कं झालेलं नाही.”

“दात काढले तर थांबेल?” अपूर्वाने विचारलं.

“झालेलं परत फिरत नाही. पुढचं कदाचित हळू होईल. कदाचित. पण तोंडात एवढा संसर्ग ठेवणं चांगलं नाही, हे मात्र नक्की.”

घरी येताना रिक्षात अपूर्वाने त्या कदाचितला घट्ट धरलं. आई, या आठवड्यातच स्वरूपकडे जाऊ. मालिनी बाहेर बघत होती. “पोळी संपू दे,” ती म्हणाली. “रायवळ आत्ता कुठे उतरायला लागलाय.”

“आई, तुला ऐकू आलं का ते काय म्हणाले?”

“आलं. तुझ्यापेक्षा जवळ बसले होते मी.”

भास्कर पुढे रिक्षावाल्याशेजारी अंग चोरून बसला होता. शेजारच्या भिड्यांनी फाटकात विचारलं तेव्हा त्याने पोटाचं दुखणं आहे एवढंच सांगितलं. लिव्हर म्हटलं की लोक बाटलीच आठवणार.

अपूर्वाने रजा वाढवली आणि आईवर नजर ठेवायला ती कारखान्यात बसायला लागली. तिथे तिला जे दिसलं ते तिने शोधलं नव्हतं. एका सकाळी कढईतला रस रटरटत होता, मालिनीने थेंब जिभेवर घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, “हं.” मग ती दुसऱ्या कढईकडे वळली. सखूने कढई उतरवली नाही. ती उगाच ढवळत राहिली. तेवढ्यात भास्कर चहाचे कप घेऊन आत आला, कप ठेवता ठेवता त्याने पळी चाटली आणि पाठीमागे हात घेऊन दोन बोटं दाखवली. सखूने पदराआडून साखर ओतली.

“बाबा, काय चाललंय?” अपूर्वा म्हणाली. ती जोरात बोलली नव्हती, पण कारखान्यातल्या सगळ्या पळ्या थांबल्या.

मालिनी वळली. तिला साखरेच्या डब्याचं उघडं झाकण दिसलं, नवऱ्याची मागे धरलेली बोटं दिसली.

“कधीपासून?” तिने विचारलं.

भास्करने चष्मा काढून पंच्याने पुसायला घेतला. शेवटी सखूच म्हणाली, “वैनी, गेल्या वर्सापास्ना. तुमी एकदा हं म्हनलाव नि रस तोंडात घेतल्यावर माजे डोले मिटले, येवडा आंबट. मंग भाऊंनी सांगितला, वैनीस्नी बोलू नको.”

“आणि पोळी?”

“पोळी बरी झाली,” भास्कर चष्म्याकडे बघत म्हणाला. “तुझ्यासारखी नाही. पण बरी.”

“कुणाची तक्रार?”

“नाही आली.”

मालिनी खाली बसली, गॅसच्या सिलेंडरला टेकून. तक्रार आली असती तर तिला सोसलं असतं. ठाण्याच्या बर्व्यांनी गेल्या वर्षी फोन करून सांगितलं होतं की वहिनी, तुमचा हात म्हणजे हात. ती तो फोन भास्करला दोनदा सांगून झाली होती आणि तो दोन्ही वेळा “हो ना” म्हणाला होता.

या दुखण्यात चव जाते, असं स्वरूपने नंतर सांगितलं. तोंड कडू पडतं, आंबट-गोड सगळं सारखं लागतं. हिरड्यांतल्या घाणीनेही जाते. म्हणजे ज्या जिभेसाठी दात ठेवले ती दातांपायी गेली, की लिव्हरपायी, की दोन्हींपायी, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. त्या दिवशी मात्र तिला एवढंच कळलं की राखायला आता काही उरलेलं नाही.

“अपूर्वा,” ती म्हणाली, “स्वरूपला फोन लाव. काढू दे सगळे.”

स्वरूपकडे जायच्या आधीच्या दोन दिवसांत घर जरा हलकं झालं होतं हे खरं. अपूर्वाने मऊ खाण्याची तयारी केली, भास्करने कवळीची चौकशी केली आणि हल्ली टाळू मोकळा ठेवणारीही मिळते अशी बातमी आणली. मालिनीने त्याच्याकडे पाहिलं. “आता कशाला मोकळा? तुम्ही आहात ना चाखायला.” तो दुखावला असावा, पण हसला. सखूने वैनींच्या दातांसाठी गणपतीपुळ्याला नारळ बोलला. “दात जायला नारळ बोलतेस की राहायला?” मालिनीने विचारलं. सखू म्हणाली, “देवाला काय ता ठावूक असेल.”

स्वरूपने रक्ताचे कागद आधी मागवले होते. तिघं गेली तेव्हा ते त्याच्या टेबलावर होते. त्याने मालिनीला खुर्चीत बसवलं नाही, समोरच्या बाकावर बसवलं, आणि ते पाहूनच तिला कळलं.

“काकू, मला हात लावता येणार नाही.”

“का?”

“रक्त गोठत नाहीये. रक्त गोठवायला जे लागतं ते लिव्हर बनवतं, ते बनत नाही, आणि प्लेटलेट्स अगदी खाली गेल्यात. एक दात उपटला आणि रक्त थांबलं नाही तर इथे मी काय करू? हे मोठ्या हॉस्पिटलात, रक्त हाताशी ठेवूनच व्हायला हवं.”

“तेव्हा तू काढू म्हणत होतास आणि मी नको म्हणत होते.”

“हो.”

“आता मी म्हणतेय.”

“हो, काकू.” त्याने मान खाली घातली. एवढा मोठा डॉक्टर झालेला मुलगा, पण धपाटा खाल्ल्यावर उभा राहायचा तसाच उभा होता.

मुंबईला नेलं. तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात लिव्हर बदलायची गोष्ट निघाली. अपूर्वा आपलं देईन म्हणाली. पण तिथल्या डॉक्टरांनी आधी तोंड पाहिलं. तोंडात असा संसर्ग असताना लिव्हर बदलता येत नाही, कारण नंतर जी औषधं द्यावी लागतात त्यांनी शरीराची लढायची ताकद जाते. म्हणजे आधी दात निघायला हवेत. दात काढायला तब्येत थोडी वर यायला हवी. तब्येत वर येण्यासाठी लिव्हर हवं. भास्करने हे तीनतीनदा ऐकून घेतलं, जणू मधे कुठे तरी आपली ऐकण्यात चूक होत असेल.

तरी त्यांनी प्रयत्न केला. प्लेटलेट्स चढवायचं ठरलं, दिवस ठरला. आदल्या दिवशी मालिनीला ताप भरला. पोटात साठलेल्या पाण्यात संसर्ग झाला होता. त्यातून ती वाचली, पण मूत्रपिंडं खचली, आणि दातांचं पुढे ढकललं गेलं. मग आणखी पुढे. शेवटी घरी न्या म्हणाले, जरा सावरल्या की बघू.

निघायच्या आधी मालिनीने तिथल्या डॉक्टरांना विचारलं, “तेव्हाच काढले असते तर?”

ते तरुण होते, घाईत होते, पण थांबले. “कदाचित इतक्या लवकर इथवर आला नसतात. कदाचित आलाच असतात. एका माणसात कशाने काय झालं हे सांगणारी तपासणी आमच्याकडे नाही.”

“म्हणजे मी स्वतःला दोषसुद्धा धड देऊ शकत नाही,” ती म्हणाली. डॉक्टरांना ते समजलं नसावं. ते मान हलवून गेले.

श्रावण लागला तोवर कारखाना धुऊन बंद झालेला होता. अपूर्वाची रजा संपली, ती पुण्याला गेली आणि रोज दोनदा फोन करत होती. मालिनी पडवीत खाटेवर असायची. मीठ बंद, पाणी मोजून. भास्कर तिला मऊ भात भरवायचा आणि भरवताना स्वतः एक घास चाखून बघायचा. ती म्हणायची, “सवय लागली तुम्हाला.”

एका दुपारी भाताच्या घासात काही कडक लागलं. तिला वाटलं खडा आहे. तिने तो जिभेने पुढे ढकलून तळहातावर घेतला. तो खालचा पुढचा दात होता, मुळासकट, पिवळा, बाजूने काळा. कुणी ओढला नव्हता. सुटून आला होता. मग तोंडात कोमट काही भरायला लागलं आणि भास्करच्या चेहऱ्यावरून तिला कळलं की ते ओठावर आलं आहे.

घरकामाला राहिलेल्या सखूने स्वरूपला फोन लावून त्याच्या कानाशी धरला. स्वरूप म्हणाला, स्वच्छ कापडाचा बोळा करून घट्ट चावायला सांगा, मी निघतो. तो आला, रक्त थांबवायची गोळी चुरून पाण्यात कालवली, त्यात गॉज भिजवून खाचेत दाबून धरला. गॉज लाल झाला, बदलला, पुन्हा लाल झाला. सखू बादली घेऊन उभी होती. बाहेर दगडी गडग्यापलीकडच्या वाटेने शाळा सुटलेली मुलं ओरडत गेली. नंतर केव्हातरी गॉज गुलाबी यायला लागला आणि स्वरूपने पहिल्यांदा हात सोडून बोटं झटकली.

“थांबलं,” तो म्हणाला. “हा छोटा होता म्हणून थांबलं.”

मालिनीच्या तोंडात बोळा होता. तिने हातानेच विचारलं: बाकीचे?

स्वरूपने हातमोजे काढले, ते एकात एक घालून गुंडाळले आणि भास्करकडे पाहिलं. “काका, रात्री काही वाटलं तर लगेच सिव्हिलला न्या. मला फोन करा, मी तिथे येतो.”

तो गेल्यावर भास्कर दात हातात घेऊन पडवीच्या पायरीवर उभा राहिला. त्याला तो केराच्या डब्यात टाकवेना. अपूर्वाचे दुधाचे दात त्याने शेणात घालून कौलांवर टाकले होते, नवा दे म्हणून. सखू म्हणाली, “भाऊ, टाका कौलावर.”

“हा कशाला?” तो म्हणाला. “हिला काय नवा येणार आहे?”

“मंग काय करताव त्याचा?”

त्याने तो कागदात गुंडाळला आणि खिशात ठेवला, मग खिशातून काढून खिडकीत ठेवला.

मालिनी डोळे मिटून पडली होती. बोळ्याच्या मागून तिची जीभ हळूच पुढे आली आणि नव्या खाचेशी गेली. तिथे मऊ, कोमट होतं. रक्ताला चव असते हे तिला माहीत होतं, पण ती काही लागली नाही. जीभ पुढे सरकली आणि शेजारच्या दातावर टेकली. तिने अगदी थोडा जोर दिला. तोही हलत होता. त्याच्या पलीकडचाही.

“दुखतंय का गो?” भास्करने विचारलं.

तिने मानेने नाही म्हटलं आणि जीभ मागे घेतली.